विल्यम फार

विल्यम फार (३० नोव्हेंबर, १८०७ - १४ एप्रिल, १८८३) हे ब्रिटिश वैद्य, संख्याशास्त्रज्ञ आणि साथरोगशास्त्रज्ञ होते. इंग्लंड व वेल्सच्या महानिबंधक कार्यालयात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे मृत्युनोंदींचे संकलन व विश्लेषण केले. वारसाहक्क, मालमत्ता अशा कायदेशीर कारणांसाठी होणारी मृत्यूची दैनंदिन नोंद आठवड्याच्या आठवड्याला मोजली, ऋतुमानाप्रमाणे अपेक्षित असलेल्या संख्येशी ताडून पाहिली आणि लगेच प्रसिद्ध केली, तर साथीची चाहूल लागू शकते व तिची तीव्रता मापता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आधुनिक रोगसर्वेक्षणाच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. मृत्यूच्या कारणांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्यांनी घालून दिलेल्या तत्त्वांवर आधारलेले आहे.

बालपण आणि शिक्षण

फार यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील केनली या खेड्यात एका गरीब शेतमजूर कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब डॉरिंग्टन येथे राहावयास गेले. तेथील जोसेफ प्राइस या सधन गृहस्थांनी मुलाच्या पालनपोषणाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. १८२६ साली फार श्रूजबरी येथील रुग्णालयात जखमांची मलमपट्टी करणारे साहाय्यक म्हणून काम करू लागले. त्याबरोबरच त्यांचे वैद्यकाचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले.

१८२८ साली प्राइस यांचे निधन झाले. त्यांनी मृत्युपत्रात फार यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले होते. या रकमेच्या आधारे फार पॅरिसला गेले. त्या काळी तेथे प्येर शार्ल अलेक्सांद्र लुई हे वैद्य रुग्णांची मोजदाद करून उपचारांचा परिणाम तपासण्याच्या पद्धतीचा पुरस्कार करीत होते. एखाद्या रुग्णाच्या अनुभवावर विसंबण्याऐवजी अनेक रुग्णांची तुलना करावी, हा लुई यांचा विचार फार यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला. १८३१ साली ते इंग्लंडला परतले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये काही काळ शिकून १८३२ साली त्यांनी अपोथेकरीज सोसायटीचा परवाना मिळवला. वैद्यकातील हीच त्यांची एकमेव परीक्षा होय.

१८३३ साली त्यांचा विवाह झाला आणि लंडनमधील फिट्झरॉय स्क्वेअर भागात त्यांनी व्यवसाय सुरू केला. व्यवसायात त्यांना विशेष यश आले नाही. त्यामुळे ते वैद्यकीय नियतकालिकांतील लेखनाकडे वळले. १८३७ साली त्यांच्या पत्नीचे क्षयरोगाने निधन झाले. त्याच वर्षी जे. आर. मॅककुलक यांच्या ब्रिटिश साम्राज्याच्या सांख्यिकीय वृत्तांतात त्यांनी जन्म, आजार व मृत्यू यांच्या आकडेवारीवर एक प्रकरण लिहिले. या लेखनामुळे या विषयाचे जाणकार म्हणून त्यांचे नाव झाले. १८४२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. या विवाहापासून त्यांना आठ अपत्ये झाली.

महानिबंधक कार्यालय

लंडनमध्ये शतकानुशतके पॅरिशचे कारकून दफनांच्या आधारे मृत्यूंची साप्ताहिक पत्रके तयार करीत असत. मात्र या पत्रकांत अँग्लिकन चर्चबाहेरील लोकांची नोंद बहुधा नसे आणि मृत्यूचे कारण ठरवणाऱ्यांना वैद्यकाचे ज्ञान नसे. १८३६ साली संसदेने जन्म व मृत्यू नोंदणीचा कायदा केला आणि १ जुलै, १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नागरी नोंदणी सुरू झाली. वंशावळ व मालमत्तेचे हक्क सिद्ध करता यावेत हा या कायद्यामागील एक प्रमुख हेतू होता. मृत्यूच्या कारणाचा रकाना नोंदवहीत आला तो आरोग्यसुधारणेच्या पुरस्कर्त्यांच्या, विशेषतः एडविन चॅडविक यांच्या, आग्रहामुळे.

वर्षाला तीन लाखांहून अधिक मृत्यूंची नोंद होऊ लागल्यावर त्या कागदांचे वाचन करणारा वैद्यक जाणणारा माणूस आवश्यक ठरला. पहिले महानिबंधक थॉमस हेन्री लिस्टर यांच्या कार्यालयात फार गोषवारे तयार करण्याच्या पदावर रुजू झाले. १८४२ साली जॉर्ज ग्रॅहम महानिबंधक झाले. ग्रॅहम यांनी प्रशासन सांभाळावे आणि फार यांनी आकड्यांचा अर्थ लावावा, अशी कामाची विभागणी १८७९ पर्यंत टिकली. महानिबंधकांच्या वार्षिक अहवालांना जोडलेल्या पत्रांतून फार आपले निष्कर्ष मांडत. त्यांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन अशा सरकारी अहवालांतच आहे.

नोंदींचा दर्जा सुधारणे हे त्यांच्यापुढील पहिले काम होते. प्रारंभी मृत्यूचे कारण अनेकदा नातेवाईक सांगत आणि निबंधक ते जसेच्या तसे लिहून घेत. १८४५ साली देशभरातील वैद्यांना मृत्यूच्या दाखल्याचे कोरे नमुने छापील पुस्तिकांच्या रूपाने पाठवण्यात आले. वैद्याने दाखला देणे कायद्याने बंधनकारक होण्यास मात्र १८७४ साल उजाडावे लागले.

रोगांचे वर्गीकरण

एकाच आजाराला वेगवेगळ्या वैद्यांनी वेगवेगळी नावे दिली तर त्यांची बेरीज निरर्थक ठरते, हे फार यांनी पहिल्याच वार्षिक अहवालात दाखवून दिले. संज्ञांची निश्चिती वैद्यकशास्त्राला भौतिकशास्त्रांतील वजनमापांइतकीच आवश्यक आहे, असे त्यांचे मत होते. त्यांनी मृत्यूची कारणे गटांत विभागली. साथीच्या, स्थानिक प्रादुर्भावाच्या आणि संसर्गजन्य रोगांसाठी त्यांनी आंबण्याच्या क्रियेवरून झायमॉटिक ही संज्ञा रूढ केली. देवी, गोवर, स्कार्लेट ज्वर, डांग्या खोकला, टायफस, अतिसार व पटकी हे आजार या गटात येत. समाजाच्या आरोग्याची स्थिती या गटावरून कळते आणि यातील मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, असे ते मानत.

१८५३ साली ब्रसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना लागू पडेल अशी मृत्युकारणांची यादी तयार करण्याचे काम फार व जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे सोपवले. १८५५ च्या पॅरिस परिषदेत दोघांनी स्वतंत्र याद्या सादर केल्या आणि परिषदेने तडजोड म्हणून १३९ कारणांची यादी स्वीकारली. पुढे १८९३ साली झाक बर्तियों यांनी मांडलेली यादी फार यांच्या तत्त्वावर आधारलेली होती. आज जागतिक आरोग्य संघटनेमार्फत प्रसिद्ध होणारे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण याच परंपरेतून आले आहे.

साप्ताहिक तक्ते व ऋतुमान

१८४० पासून लंडनच्या मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. शहराच्या प्रत्येक नोंदणी विभागातील निबंधक आठवड्याअखेरीस आपल्या नोंदींच्या प्रती मुख्य कार्यालयाकडे पाठवत. तेथे त्यांची वय, कारण व विभाग यांनुसार मांडणी होई आणि काही दिवसांतच ती छापली जाई. वृत्तपत्रांतूनही हे आकडे प्रसिद्ध होत. संपूर्ण देशासाठी त्रैमासिक पत्रके निघत आणि त्यांत आपापल्या भागातील साथींबद्दल निबंधकांचे शेरे असत.

या तक्त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील तुलना. चालू आठवड्याची मृत्युसंख्या मागील दहा वर्षांतील त्याच आठवड्याच्या सरासरीशी ताडली जाई आणि वाढत्या लोकसंख्येच्या प्रमाणात ती सरासरी सुधारून घेतली जाई. त्यामुळे हिवाळ्यात श्वसनविकारांनी होणारी नेहमीची वाढ किंवा उन्हाळ्याच्या अखेरीस अतिसाराने होणारे बालमृत्यू यांना साथ समजण्याची चूक टळे. उलट, ऋतूच्या नेहमीच्या चढउतारापलीकडे काही घडत असेल तर ते चटकन दिसून येई. तक्त्यांबरोबर ग्रिनिच वेधशाळेतील तापमान, पाऊस व हवेच्या दाबाची निरीक्षणेही छापली जात. हवामानविषयक भागासाठी वेधशाळेतील जेम्स ग्लेशर यांचे साहाय्य लाभले. कडाक्याच्या थंडीनंतर मृत्युसंख्या वाढते आणि ही वाढ वृद्धांमध्ये सर्वाधिक असते, हे फार यांनी या आकड्यांवरून दाखवले.

१८४७ ची इन्फ्लूएंझाची साथ

या पद्धतीची खरी कसोटी १८४७ च्या हिवाळ्यात लागली. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लंडनमधील साप्ताहिक मृत्युसंख्या १,०८६ वरून १,६७७ वर आणि त्यापुढील आठवड्यात २,४५४ वर गेली. सहा आठवड्यांत ११,३३९ लोक मरण पावले. त्यांपैकी ज्यांच्या दाखल्यावर इन्फ्लूएंझा हे कारण लिहिले होते असे मृत्यू थोडेच होते. बहुतेकांची नोंद श्वासनलिकादाह, न्यूमोनिया, दमा किंवा वार्धक्य अशा कारणांखाली झाली होती.

केवळ दाखल्यावरील कारण पाहिले तर साथीचा खरा आघात दिसत नाही, हे फार यांनी ओळखले. त्या ऋतूत एरवी किती मृत्यू झाले असते याचा अंदाज करून त्यांनी तो प्रत्यक्ष संख्येतून वजा केला. ऋतुमानाच्या मृत्युसंख्येपेक्षा ५,००० हून अधिक लोक साथीमुळे दगावले, असा त्यांचा निष्कर्ष होता. अतिरिक्त मृत्यूंची ही संकल्पना पुढे इन्फ्लूएंझाच्या साथी मोजण्याची प्रमाण पद्धत बनली. कोविड-१९ च्या साथीत अनेक देशांतील बळींची संख्या ठरवण्यासाठी हाच मार्ग अवलंबण्यात आला.

साथीचा नियम

१८३७ ते १८३९ या काळात इंग्लंडमध्ये देवीची मोठी साथ आली. फार यांनी तिच्या त्रैमासिक मृत्युसंख्येचा अभ्यास करून १८४० साली असे दाखवले की, साथीचा चढ व उतार एका नियमित वक्राने दर्शवता येतो. साथ प्रथम वेगाने वाढते, मग वाढीचा वेग मंदावतो, ती शिखर गाठते आणि जवळपास तशाच रीतीने ओसरते. या निरीक्षणाला पुढे फार यांचा नियम असे नाव मिळाले.

१८६६ च्या आरंभी इंग्लंडमध्ये गुरांच्या बुळकांडी रोगाची साथ पसरली होती आणि देशातील पशुधन नष्ट होईल अशी भीती संसदेत व्यक्त होत होती. फेब्रुवारी महिन्यात एका लंडनच्या दैनिकाला पाठवलेल्या पत्रात फार यांनी वाढीचा वेग मंदावत असल्याचे दाखवून साथ लवकरच ओसरेल असे भाकीत केले. हे भाकीत खरे ठरले. मात्र आजारी जनावरे मारण्याची सक्ती करणारा कायदाही त्याच महिन्यात झाला होता, त्यामुळे साथ ओसरण्याचे श्रेय केवळ निसर्गनियमाला देता येत नाही.

पटकीच्या साथी

१८४८-४९ साली इंग्लंड व वेल्समध्ये पटकीने ५३,००० हून अधिक लोकांचा बळी घेतला. फार यांनी १८५२ साली या साथीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. पटकी दूषित हवेमुळे पसरते, हे त्या काळचे प्रचलित मत त्यांनाही मान्य होते. लंडनच्या विभागांची थेम्स नदीपासूनची उंची आणि तेथील पटकीचे मृत्यू यांची तुलना केली असता, सर्वांत सखल भागांत दर दहा हजारांमागे १०२ तर सर्वांत उंच भागात केवळ ८ मृत्यू झाल्याचे त्यांना आढळले. नदीकाठच्या सखल भागात दूषित हवा दाट असते, असा त्यांनी याचा अर्थ लावला. आकडे अचूक होते, पण त्यांचा अर्थ चुकला होता. सखल भागांतील अनेक घरांना थेम्सच्या मैलायुक्त पात्रातील पाणी मिळत होते.

जॉन स्नो या वैद्यांनी पटकी पाण्यातून पसरते हा सिद्धांत मांडला होता. फार यांना तो पूर्णपणे पटलेला नव्हता, तरीही १८५३ च्या साथीत त्यांनी पाणीपुरवठा कंपन्यांनुसार मृत्यूंची विभागणी साप्ताहिक तक्त्यात छापली. १८५४ मध्ये मृतांचे पत्तेही त्यांनी स्नो यांना उपलब्ध करून दिले. त्यांच्या आधारे स्नो घरोघरी गेले. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवले होते, तर साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी शहरातील दूषित पाणीच घेत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या घरांत ते ३७ होते. ब्रॉड स्ट्रीट पंपाजवळील मृत्यूंची यादीही स्नो यांना महानिबंधक कार्यालयातूनच मिळाली होती.

स्नो १८५८ साली मरण पावले. १८६६ च्या उन्हाळ्यात पटकी परत आली तेव्हा साप्ताहिक तक्त्यांत पूर्व लंडनमधील मृत्यू एकाएकी वाढलेले दिसले. बळी पडलेला भाग एकाच पाणीपुरवठा कंपनीच्या क्षेत्राशी जुळत होता. पाणी गाळूनच दिले जाते असा कंपनीचा दावा होता, पण ग्राहकांच्या नळांत ईल मासे सापडल्याने तो टिकला नाही. ली नदीकाठच्या ओल्ड फोर्ड येथील उघड्या जलाशयातील पाणी न गाळता पुरवले गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. या साथीत लंडनमध्ये पाच हजारांहून अधिक लोक दगावले. १८६८ च्या अहवालात फार यांनी पाणी हेच प्रसाराचे मुख्य माध्यम असल्याचे मान्य केले. आपल्या पूर्वीच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवरूनच काढला होता.

लष्कर, नाइटिंगेल आणि भारत

क्रिमियन युद्धाहून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची फार यांच्याशी १८५६ साली ओळख झाली. लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनीच अधिक सैनिक मरण पावले, हे दाखवण्यासाठी लागणारी आकडेमोड व तक्त्यांची मांडणी यांत फार यांनी त्यांना मदत केली. हे सहकार्य दीर्घकाळ टिकले.

१८५९ साली भारतातील लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाचे फार सदस्य होते. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर दर हजारी ६९ इतका असल्याचे आयोगाने १८६३ च्या अहवालात दाखवले. सांडपाण्याचा निचरा नसणे, अशुद्ध पाणी आणि दाटीवाटीच्या बराकी ही त्याची कारणे सांगितली गेली. या अहवालानंतर १८६४ साली बंगाल, मद्रास व मुंबई येथे आरोग्य आयोग नेमण्यात आले.

इतर कार्य

फार यांनी इंग्लंडसाठी तीन जीवन सारण्या तयार केल्या. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या सारणीच्या छपाईसाठी शॉइट्झ यांच्या गणनयंत्राचा उपयोग करण्यात आला. सरकारी कामासाठी गणनयंत्र वापरल्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे. दर हजारी १७ मृत्युदर असलेल्या जिल्ह्यांना त्यांनी निरोगी जिल्हे मानले आणि त्याहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे ठरवले. १८५१ व १८६१ च्या जनगणनांत ते सहायक आयुक्त आणि १८७१ च्या जनगणनेत आयुक्त होते. १८५५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८७१ ते १८७३ या काळात ते स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

वाद आणि टीका

पहिल्या अहवालात फार यांनी ६३ मृत्यूंचे कारण उपासमार असे दिले होते. त्या वेळी दरिद्री साहाय्य कायद्याच्या अंमलबजावणीशी निगडित असलेल्या चॅडविक यांनी याला जोरदार आक्षेप घेतला. उपासमारीची नोंद मान्य केली तर सरकारी साहाय्यव्यवस्थेवरच ठपका आला असता. अन्नाचा अभाव अनेकदा दुसऱ्या रोगाच्या नावाखाली झाकला जातो, असे सांगून फार आपल्या नोंदीवर ठाम राहिले.

रुग्णालयांच्या मृत्युदराबाबत मात्र त्यांच्यावरील टीका सार्थ होती. वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागून त्यांनी लंडनच्या रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांहून अधिक काढला. नाइटिंगेल यांनी १८६३ च्या आपल्या रुग्णालयांवरील पुस्तकात हे आकडे वापरले. वर्षभरात एका खाटेवर अनेक रुग्ण येऊन जातात, त्यामुळे भाजक एकूण दाखल रुग्णांचा असावा, असे तत्कालीन वैद्यांनी दाखवून दिले. भाजकाची निवड चुकली तर अचूक नोंदींतूनही दिशाभूल करणारा निष्कर्ष निघतो, याचे उदाहरण म्हणून हा वाद आजही सांगितला जातो.

साथीच्या नियमाच्याही मर्यादा आहेत. रोगाचा प्रसार कसा होतो याचा विचार न करता केवळ वक्राच्या आकारावरून भाकीत करणे धोक्याचे असते. १९९० साली एड्सच्या साथीला हा नियम लावून केलेले ती लवकर ओसरेल असे भाकीत चुकीचे ठरले.

निवृत्ती आणि मृत्यू

१८७९ साली ग्रॅहम निवृत्त झाले तेव्हा महानिबंधकपद फार यांना मिळेल अशी अनेकांची अपेक्षा होती. सरकारने ते पद सर ब्रिजेस हेनिकर यांना दिले. त्यानंतर फार यांनी राजीनामा दिला. १८८० साली त्यांना कम्पॅनियन ऑफ द बाथ हा किताब देण्यात आला. १४ एप्रिल, १८८३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या विखुरलेल्या अहवालांतील निवडक भाग नोएल हम्फ्रीज यांनी संपादित केला आणि तो १८८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

वारसा

विसाव्या शतकात अमेरिकेतील रोगसर्वेक्षणाची उभारणी करणारे अलेक्झांडर लँगम्युर यांनी आधुनिक रोगसर्वेक्षणाचे जनकत्व फार यांना दिले. नियमित संकलन, विश्लेषण आणि संबंधितांपर्यंत माहिती वेळेवर पोहोचवणे हे सर्वेक्षणाचे तीन घटक फार यांच्या साप्ताहिक तक्त्यांत प्रथमच एकत्र आले. पुढे मृत्यूंच्या जोडीने बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, रुग्णालयातील दाखले व प्रयोगशाळांचे अहवाल यांचाही अशा सर्वेक्षणात समावेश झाला. भारतात २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णालये व प्रयोगशाळा यांच्याकडून दर आठवड्याला ठरावीक नमुन्यांत आजारांची माहिती गोळा होऊ लागली. महाराष्ट्र या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांपैकी एक होते. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या इमारतीवर सार्वजनिक आरोग्यातील अग्रणींची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत फार यांचेही नाव आहे.